उरलेलं साडेचार लिटर

असोदा,
दि. २४ सप्टेंबर २०२५

चि. भाईदासभाऊजी यांस,

कुंदावहिनीचे आशीर्वाद. ठेवून घ्यायचे की परत करायचे, ते पत्र पूर्ण वाचून ठरवा.

इकडे सगळे बरे आहेत. घट बसून आज तीन दिवस झाले. केळीचे घड यंदा चांगले भरलेत, कापसाची मात्र पावसानं दैना केली. मोनाली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी आली की सगळ्यांचं बीपी मोजत फिरते. माझं वाढलेलं निघालं तर म्हणते, आई, तू कशाचं टेन्शन घेतेस? मी म्हटलं, तुझ्या लग्नाचं. दीपमाला कशी आहे? तिला मी अजून पाहिलं नाही. लग्नाला आम्ही आलो नाही, तेव्हा हे विचारायचा मला हक्क नाही, पण विचारते.

गेल्या महिन्यात तुम्हाला दोनदा फोन आला असेल आणि पलीकडून कुणी बोललं नसेल. ती मी. तुमचा 'हॅलो' ऐकला आणि हात आपोआप लाल बटणावर गेला. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच 'कोण बोलतंय' म्हणत नाही.

कामाचं आधी लिहिते. आपल्या जितेंद्रनं मालाची गाडी घेतली. वापरलेलीच आहे, पण आपली होती त्याच मॉडेलची. तुमच्या भाऊंनी मुद्दाम तीच शोधायला लावली. दोन महिने बऱ्हाणपूरपर्यंत फिरले, नव्या गाड्या दाखवणाऱ्यांना हात जोडून वाटेला लावलं. आता दसऱ्याला पूजा करून केळीची पहिली खेप न्यायची आहे. त्याआधी ऑइल बदलायचं म्हणून काल जुनं सोडलं, फिल्टर काढला, आणि तिथंच घोडं अडलं. नवं किती टाकायचं? गाडीबरोबर पुस्तक नाही. दुकानदार म्हणतो सोळा लिटर. पंपावरचा तोताराम म्हणतो अठरा, 'थोडं जास्तच असलेलं बरं'. जितेंद्रच्या मोबाइलमध्ये चार ठिकाणी चार आकडे निघाले. वीस लिटरची नवी बादली अंगणात सील न फोडता ठेवलेली आहे आणि गाडी रिकाम्या पोटी उभी आहे. किती टाकायचं ते तुम्ही कळवा. तुम्ही सांगाल तेवढंच जाईल.

एवढंच विचारायचं असतं तर मी जितेंद्रला तुमच्याकडं दोंडाईच्याला पाठवलं असतं.

काल जुनं ऑइल निथळत होतं तेव्हा बापलेक ओट्यावर बसले होते. मी आत वांगी भाजत होते. तुमचे भाऊ जितेंद्रला शिकवत होते. म्हणाले, "ऑइल सोता उभं राहून टाक. दुसऱ्याच्या हातात बादली द्याची नाही. सख्ख्या भावाच्या हातात बी नाही. तुह्या काकानं माह्यं इंजिन खाल्लं." जितेंद्र म्हणाला, "काका इतके बेकार होते का, आबा?" ते म्हणाले, "बेकार नव्हता. बेफिकीर व्हता."

माझ्या हातातलं वांगं चुलीत पडलं. पोरगं तुमच्या खांद्यावर बसून भवानीच्या यात्रेला गेलेलं. आता ते तुमचं नाव असं शिकणार आणि उद्या आपल्या पोराला तसंच शिकवणार. बारा वर्षं मी भाऊभावांच्या भांडणात पडायचं नाही असं म्हणत आले. भाऊजी, तुमचं भांडण नव्हतंच ते.

त्या दसऱ्याच्या सकाळी तुम्ही ऑइल बदललंत. पाच लिटरच्या मापानं मोजून टाकलंत, मी सडा घालताना पाहत होते. मग तुम्ही आंघोळ करून झेंडूची फुलं आणायला जळगावला गेलात. बादली अंगणात, तुळशीजवळ. तळाशी ऑइल उरलेलं.

त्या दिवशी नणंदबाई पोराबाळांसह येणार होत्या आणि न्हाणीतली बादली आदल्या दिवशीच बुडातून तडकली होती. तुम्हाला माहीत आहे, आपल्या घरात बादली विकत आणायची पद्धत नाही. ऑइलची संपली की घासून घरात घ्यायची. पाण्याला ती, दाण्याला ती. मला ती बादली हवी होती, भाऊजी. बस, एवढंच. ऑइल ओतून ठेवायला दुसरं भांडं नव्हतं, डबा होता तो रॉकेलचा आणि त्याला भोक. चांगलं नवं ऑइल मोरीत ओतायचं माझ्या जिवावर आलं. गाडीचं समोरचं झाकण उघडंच होतं. टोपण कसं फिरवतात ते मी शंभरदा पाहिलेलं. मी सगळं उरलेलं आत ओतलं.

मला वाटलं, चांगलंच होईल. आपल्या खानदेशात तेल जास्त झालं म्हणून कुणी कधी ताट सारलंय का? भाजीवर तवंग हवा, दिव्यात तेल काठोकाठ हवं. सणाचा दिवस, लक्ष्मीचंच पोट ते, भरलेलं बरं. वरून हळदीकुंकूही वाहिलं मी तिला. मग राखेनं आणि सोड्यानं बादली घासली आणि न्हाणीत पाणी भरून ठेवलं. तुम्ही येईपर्यंत तिच्यात तांब्या बुडत होता.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. हे पूजा करून निघाले, ऑइल तुम्ही बघितलंय म्हणून पुन्हा डिपस्टिक ओढून पाहिली नाही. शिरपूरपर्यंत धूर, पळासनेरच्या पुढं घाट चढताना इंजिन जाम. नऊ टन केळी रस्त्यावर पिकून काळी झाली. शिरपूरच्या मिस्त्रीनं इंजिनखालचा नट काढला तर इतकं गळूनही अठरा लिटर निघालं. तो म्हणाला, अहो, जास्त ऑइलचा फेस होतो, फेसावर इंजिन चालत नाही, कुणी भरलं हे? यांनी तुमचं नाव सांगितलं.

हे घरी येऊन सांगू लागले, तेव्हा मला ते अठरा लिटर ऐकल्याबरोबर कळलं. त्याच क्षणी. मी आतून उठून दारात येऊन उभी राहिले.

आणि तुम्ही अंगणात ओरडत होता, "साडेपंधराच टाकलं, भाऊ! उरलेलं बादलीत हाये, पाहून घ्या!" तुम्ही बादली शोधली. गोठ्यात, खाटेखाली, कडब्यामागं. आपल्या घरात तशा बादल्या चार, सगळ्या एका रंगाच्या, सगळ्यांत पाणी नाहीतर दाणे. तुम्ही न्हाणीच्या दारावरून दोनदा गेलात.

इथवर लिहून मी मघाशी पत्र बंद करणार होते. मी गप्प राहिले, एवढं कबूल करून मोकळी होणार होते. पण मी गप्प नव्हते राहिले. तुम्ही माझ्याकडं वळून विचारलं होतं, "वहिनी, तुमी पाह्यलं ना उरलेलं?" आणि मी म्हणाले होते, "मले काय माहीत, भाऊजी."

तुम्ही आत जाऊन पिशवी भरलीत.

का म्हणाले? यांचा तो आवाज, सासूबाईंचं ते रडणं, दारात जमलेली गल्ली. मनात आलं, आज गप्प बसावं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. मग सहा महिने गेल्यावर सांगायचं तर सहा महिने का लपवलं हेही सांगावं लागलं असतं. दर वर्षी एकाची दोन पापं होत गेली. सासूबाई जाताना म्हणाल्या, "भाईदासनं एवढं बेफिकीर व्हायले नको व्हतं." मी त्यांना पाणी पाजत होते. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. भाऊजी, यांना आज सांगता येतं, जितेंद्रला सांगता येतं. सासूबाईंना आता कोण सांगणार? हे मी तुमच्याकडून घेतलं आणि हे मला परत देता येत नाही.

आज दुपारी यांना सांगितलं. जेवत होते. हातातली भाकरी ताटात ठेवली. "बादली कोनती?" म्हणाले. मी माळ्यावरून काढून दिली. त्या दिवसानंतर ती न्हाणीतून काढून तिच्यात मी कुरडया ठेवते, बारा वर्षं घरानं त्यातल्याच कुरडया खाल्ल्या. त्यांनी कुरडया सुपात ओतल्या आणि बादली घेऊन अंगणात बसले. तिचा तळ चाचपून म्हणाले, "तो सोधत व्हता तवा तू तठीच उभी व्हती." मी हो म्हटलं. मला वाटलं, आता आवाज चढेल. चढला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी जितेंद्र बादलीचं सील फोडायला गेला तर त्याचा हात धरला आणि मान न वळवता मला म्हणाले, "त्याले इचार."

म्हणून विचारते. किती टाकायचं?

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायचं ओझंही तुमच्याच डोक्यावर.

जिला तुम्ही एकदा साक्षीला बोलावलं होतं ती,
कुंदा


दोंडाईचा,
दि. २८ सप्टेंबर २०२५

ती. वहिनींस,

भाईदासचा नमस्कार. पत्र मिळालं. गॅरेजात वाचलं, मग रेल्वे स्टेशनच्या बाकावर जाऊन पुन्हा वाचलं. दीपमालानं विचारलं कुणाचं, तर मी तिच्या हातातच दिलं. ती वाचून म्हणाली, आता तरी जेवा.

राग आला. खोटं कशाला लिहू? आईचं वाचलं तेव्हा तर फार आला. दोन दिवस तुम्हाला उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं.

पण तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगतो. पहिली दोनतीन वर्षं मी सगळ्यांना सांगायचो की मी साडेपंधराच टाकलं. नंतर सांगणं सोडलं. कारण माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. वाटायचं, बादली कुठंच नव्हती म्हणजे मीच सगळी ओतली असेल. सणाची घाई, फुलं आणायची होती, एक माप जास्त गेलं असेल. झोपेत मापं मोजायचो. अजून गाडीत ऑइल टाकताना मी मालकाला शेजारी उभं करतो आणि मोठ्यानं मोजायला लावतो. इथले ड्रायव्हर मला मापवाला म्हणतात, हसतात. हसू दे म्हणतो, पण एकट्यानं बादली उचलायची माझी हिंमत नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर काल एक गाडी आली. मालक चहाला गेला होता. मी त्याला हाक न मारता ऑइल टाकलं. डिपस्टिकची पट्टी ओढली. बरोबर दोन खुणांच्या मध्ये. बारा वर्षांनी माझे हात मला परत मिळाले. ते तुम्हीच नेले होते आणि तुम्हीच आणून दिले, तेव्हा राग किती धरावा ते मला अजून कळत नाही. थोडा राहील. राहू द्या.

आता कामाचं. गाडी अंगणात लावू नका, आपल्या अंगणाला न्हाणीकडं उतार आहे, पट्टी खोटं बोलेल. इंजिन चालू न करता, ढकलत रस्त्यावर सपाट जागी घ्या. जुनं पूर्ण निथळलंय ना, बघा. नव्या फिल्टरमध्ये आधी ऑइल भरा, तेही मापातच धरा. सगळं मिळून चौदा टाका. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा. पट्टी पुसा, परत घाला, मग बघा. नंतर अर्धा अर्धा लिटर टाकत जा. साडेपंधराला बरोबर वरच्या खुणेच्या जरा खाली येईल. तिथं थांबायचं. तोतारामचं ऐकू नका. कमी असलं तर घालता येतं, जास्त झालं की काढायला कुणाला सुचत नाही.

माप भाऊंच्या हातात द्या. मोजायला जितेंद्र. तुम्ही लांब उभ्या राहा, हे थट्टेनं लिहिलं आहे.

जुनी बादली मला नको, कुरडयांनाच ठेवा. पण नव्या बादलीत शेवटी साडेचार लिटर उरेल. ते कुणी ओतू नये, हलवू नये. भाऊंनी वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. त्या दिवशी मला तेवढंच दाखवायचं होतं.

पाहून झालं की मला फोन करा म्हणावं. तुम्ही नाही, त्यांनी. बोलायला काही सुचलं नाही तर नुसतं किती उरलं ते सांगावं.

दसऱ्याला फोन जवळ ठेवून बसणारा,
तुमचा धाकटा दीर,
भाईदास