बाबा, गोळी घेतली का?

२ सप्टेंबर

...दूध तापत ठेवलं होतं, ओटा पुसून झाला होता आणि मी यांच्या गोळ्यांची डबी उघडत होते. तेवढ्यात यांचा फोन वाजला. पडद्यावर लेकीने बसवून दिलेला रोजचा प्रश्न : 'बाबा, गोळी घेतली का?' खाली दोन बटणं, 'घेतली' आणि 'नंतर'. हे खुर्चीतूनच म्हणाले, "तुझ्या सासूबाई आल्या बघ. आधी त्यांना गप्प कर." मी हसले, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, 'घेतली' दाबलं आणि दूध उतरवलं. हे होते तेव्हाची, गेल्या हिवाळ्यातली साधी सकाळ. आज नव्या घरातला ओटा पुसताना आठवली, एवढंच.

घर छान आहे. स्वयंपाकघर, पुढची खोली, आतली खोली. लेक दोन गल्ल्या सोडून राहते. आतल्या खोलीत खिडकीपाशी यांची वेताची खुर्ची ठेवली, तिच्याशेजारी माझी पुस्तकं. शाळा मी फार पाहिली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले. पण आता वेळच वेळ आहे. खालच्या मजल्यावर शिंपीणबाई राहतात. त्या स्वतः वर येऊन सांगून गेल्या, की माझं मशीन दिवसभर खडखडतं, शिव्या द्यायच्या तर जिन्यात उभं राहून द्या, म्हणजे मलाही ऐकू येतील. बाई आवडली मला.

५ सप्टेंबर

सामान हलवताना माझा फोन बादलीत पडला, म्हणून यांचा वापरायला काढला. तर काय, दिवसभर टिंग टिंग. बँक, भाजीवाले, राशिभविष्य, साड्यांचा सेल, आणि यांच्या शाळासोबत्यांचा ग्रुप. तिथे माणूस जातो, पण त्याला पाठवलेलं 'शुभ सकाळ' थांबत नाही. दोन पानं सलग वाचून होईनात.

संध्याकाळी जावई आले आणि त्यांनी बसून एकेक सूचना बंद केली. म्हणाले, आई, आता आम्ही फोन केला तरच हा वाजेल. गोळीवाली तेवढी त्यांना यादीत सापडली नाही. लेक म्हणाली, ती मी बाबा गेले त्याच आठवड्यात काढून टाकली होती.

६ सप्टेंबर

फोन गप्प. आणि सकाळी त्या गप्पपणात एकटीच वाजली : 'बाबा, गोळी घेतली का?' मी 'नंतर' दाबलं. दूध उतरवेपर्यंत परत. केर काढला, परत. शेवटी कंटाळून 'घेतली' दाबलं. मग दिवसभर शांत. निम्मं पुस्तक वाचून काढलं.

रोज असंच करायचं. कुणाचं काय जातंय.

११ सप्टेंबर

यांची डबी मी टाकली नव्हती. उरलेल्या पट्ट्या तशाच होत्या त्यात. आज धूळ पुसताना उघडली, तर एक पट्टी निम्मी फुटलेली. वरची चांदी ताजी फाटलेली, काठ चकचकीत. मीच विसरून गिळल्या की काय? डबी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

१२ सप्टेंबर

'घेतली' दाबलं. कपाट उघडलं. आणखी एक घर फुटलेलं.

खोटं कशाला लिहू, भीती वाटली नाही. डबी पोटाशी धरून बराच वेळ बसले. मग खुर्चीजवळच्या खिडकीत पाण्याचा पेला नेऊन ठेवला. कोरडी गोळी त्यांना कधीच गिळता यायची नाही.

१७ सप्टेंबर

शिंपीणबाईंनी जिन्यात थांबवलं. विचारलं, पाहुणे आलेत का, आणि आजारी आहेत का. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, दुपारी मी मशीन थांबवते ना, तेव्हा वर कुणीतरी धापा टाकतं. दोन-तीन श्वास, मग थांबतं. मीच मोजत बसते, पुढचा येतो की नाही."

वर आले. आतल्या खोलीत पुस्तक मिटून बसले. आला तो आवाज. खुर्चीतून. मी वाचत असायचे म्हणून इतके दिवस ऐकला नव्हता.

ती धाप हिवाळ्यातली नाही. अगदी शेवटच्या दिवसांतली आहे. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ही गोळी बरं करणार नाही, नुसतं ओढत नेईल.

मीच ओढते आहे त्यांना. रोज सकाळी, एका बोटाने.

१९ सप्टेंबर

आज दाबायचं नाही, असं ठरवलं. सुटू दे त्यांना. फोन उशीखाली ठेवला, तरी वाजत राहिला. आतून धाप. वेत करकरतोय. हे खुर्चीचा हात धरून उठू बघायचे, तेव्हा असाच करकरायचा. एकदा पाहिलंय मी ते सगळं. दुसऱ्यांदा —

दुपारी दाबलं. धाप जरा उतरली. जराच.

२२ सप्टेंबर

जावयांनी फोन पूर्ण कोरा करून दिला. माझा नंबरसुद्धा नव्हता त्यात. सकाळी दूध ठेवलं आणि वाजला. तोच प्रश्न.

लेकीला सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, आई, चल आमच्याकडे राहायला. मी म्हटलं, येईन. पण यांना इथे एकटं —

२५ सप्टेंबर

पट्ट्या संपल्या. औषधवाल्याने विचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, यांच्यासाठी. तो म्हणाला, चिठ्ठी जुनी आहे, पेशंटला दाखवून नवी आणा. पेशंटला कुठून —

आज 'घेतली' दाबून काही होत नाही. डबीत काही नाही ना. धाप जिन्यापर्यंत ऐकू येते. खाली मशीन बंद आहे. बाई ऐकत असणार.

२६ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंकडे गेले. यांची सगळी दुखणी माझी म्हणून सांगितली. पायांना सूज, उताणं झोपवत नाही, बोलताना दम. पाठच आहे मला. वाटलं, तपासतील आणि हसून घरी पाठवतील.

त्यांनी नळी छातीला लावली. हलवली. परत त्याच जागी आणली. मग विचारलं, कधीपासून?

तीच गोळी लिहून दिली. दुकानांत मिळून तीन-चारच निघाल्या, बाकीच्या मागवाव्या लागतील म्हणाले. जिना चढताना मी दोनदा थांबले. आधी थांबत नव्हते.

२७ सप्टेंबर

सकाळी दोन ओळी.

'बाबा, गोळी घेतली का?'

'आई, गोळी घेतली का?'

लेकीला फोन केला. तिने नाही बसवली. कुणीच नाही. दोन्हींपुढे 'घेतली' दाबलं. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं — तेच वाईट आहे.

रात्री उताणं झोपवेना. कुठला श्वास कुणाचा, ते —

२८ सप्टेंबर

दूध तापत ठेवलं. ओटा पुसला. डबी उघडली. एकच गोळी होती.

खुर्चीजवळच्या पेल्यात ताजं पाणी भरलं. बाबांपुढे 'घेतली' दाबलं. माझ्यापुढे 'नंतर'.

परत वाजला. 'नंतर'.

दूध उतू गेलं, मला उठवेना. आतली धाप आता शांत आहे. झोपले असावेत. परत वाजला. 'नंतर' दाबलं. परत वा