शिवणाच्या बाईंचा भूगोल

१० जुलै
शिवणाचा तास बंद. अठरा वर्षं शिवण शिकवलं, आणि आता पाचवीचा भूगोल! मोठ्या बाई म्हणाल्या, "घ्या तरी. नाहीतर जादा शिक्षकांच्या यादीत नाव जाईल, मग कुठे पाठवतील कोण जाणे." घेतला. घरी सांगितलं तर हे पेपर खाली ठेवून हसले. "अगं, तुला बसमधून उतरल्यावर घर कुठल्या दिशेला ते कळत नाही."

१२ जुलै
पहिला तास. पुस्तक उघडलं आणि वाचत सुटले. पर्वत, पठार, दरी, वाळवंट – चाळीस मिनिटांत अख्खी पृथ्वी संपवली. जाड भिंगांची एक मुलगी आहे, वर्ग तिला चष्मिष म्हणतो. तिनं हात वर केला. "बाई, पण डोंगर वर आला कसा?"
"उद्या सांगते."
"उद्या रविवार आहे, बाई."
देवच धावून आला.

१३ जुलै
दिवसभर पुस्तकात डोकं. धडा तीनदा वाचला, डुलकी चारदा लागली. मग एक ओळ दिसली – जमिनीच्या थरांवर दोन्ही बाजूंनी दाब आला की त्यांना वळ्या पडतात, त्या उचलल्या जातात आणि पर्वत होतात. अरेच्चा. म्हणजे चुण्या! हे तर मला येतं.

१४ जुलै
घरचा टेबलक्लॉथ नेला. दोन मुली दोन टोकांना. म्हटलं, ढकला. मधोमध डोंगर उभे राहिले. चष्मिषनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मागचे सगळे बाकांवर चढले. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. मीसुद्धा.
संध्याकाळी हे विचारत होते, टेबल उघडं का. म्हटलं, पर्वतरांग शाळेत राहिली.

२२ जुलै
वाळवंट. शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू, ऑफिसातला टेबलफॅन. वारा वाळू उचलतो, पुढे टाकतो, त्याच्या टेकड्या होतात आणि त्या सरकतातही – एवढंच दाखवायचं होतं. एक नंबरवर छान दिसलं. तीनवर कुणी नेला ते अजून कुणी कबूल करत नाही. नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई दारात, हातात चहा.
"हे काय चाललंय?"
चष्मिष शांतपणे म्हणाली, "वाळवंट आहे, बाई. जरा बाजूला व्हा, टेकडी तुमच्याकडेच येतेय."
चहा गेला. केस झटकत मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी तपासणीला साहेब येणार आहेत. तेव्हा वाळू नको."

२७ जुलै
जीव टांगणीला. शेरा वाईट पडला तर यादीत नाव ठरलेलंच. आज यांनी स्वतःहून चहा केला. म्हणजे परिस्थिती गंभीर आहे.

२८ जुलै
साहेब मागच्या बाकावर बसले. गुडघे मावेनात. विचारलं, "पठार म्हणजे काय?"
"इस्त्री केलेला डोंगर!" – अख्खा वर्ग, एका सुरात.
मी कोरा फळा पुसायला लागले. एकदाच म्हटलं होतं हो, गमतीत.
"असं? मग मैदानही सपाटच असतं की."
चष्मिष उठली. "पण पठार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असतं, साहेब. उंच नसेल तर मैदान."
साहेब हसले नाहीत. वहीत बरंच लिहिलं. जाताना मला विचारलं, "भूगोल कुठे शिकलात?"
खोटं काही सुचलंच नाही. "शिवणाच्या मशीनवर."
मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

११ ऑगस्ट
यादी आली. माझं नाव नाही! मोठ्या बाईंनी माझा हात धरला, आणि दुसऱ्या हातानं आणखी एक कागद पुढे केला. साहेबांचा शेरा – भूगोल उत्तम. आणि म्हणूनच बदली. लांब, डोंगरातल्या शाळेत. तिथे भूगोलाला कुणी टिकत नाही म्हणे. घरी यायचं आठवड्यानं.
वाईट शिकवलं असतं तरी गेले असते, चांगलं शिकवलं तरी चालले.
वर्गाला सांगायला जीभ रेटली नाही. यांना सांगितलं. हे म्हणाले, "जा. माझं मी बघेन." मग स्वयंपाकघरात जाऊन कितीतरी वेळ एकेक डबा उघडून आत काय आहे ते बघत होते.

१७ ऑगस्ट
उद्या निघायचं. बॅग भरली. एक गोष्ट यांनाही ठाऊक नाही, वर्गाला तर नाहीच – मी जन्मात एकही डोंगर पाहिलेला नाही.