मुंग्या न लागणारी साखर

प्रिय मुंगे,

अक्षर मोठं आणि ओळी वाकड्या दिसल्या तर घाबरू नकोस. हात ठीक आहे. चष्मा जुना आहे, आणि नवा करायची मला मनाई झाली आहे. ते पुढे सांगतो. आधी ओव्हनचं. ‘रविवारपर्यंत काय ते सांगा, म्हणजे न्यायला माणूस पाठवते,’ असं तू म्हणाली होतीस. मी ‘बघू’ म्हणालो. फोनवर मला सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. पूर्वी आई दुसऱ्या खोलीतून ओरडून माझी वाक्यं पूर्ण करायची, आता ती अर्धीच राहतात. म्हणून लिहायला बसलो आहे. बसलो म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठतो, स्वयंपाकघरात जातो, ओव्हनचं दार उघडतो, आत डोकावतो, दार लावतो आणि परत येतो. आत काही नसतं.

घर बंद करून तुमच्याकडे यावं, हे तुझं म्हणणं वावगं नाही. जावईबापूंनी खोली रंगवूनही घेतली. पण तुला घाई आहे ती घर बंद करण्याची नाही, ओव्हन काढण्याची, असं मला वाटत राहतं. गेल्या वेळी आलीस तेव्हा तू स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीस. पाणीसुद्धा मला आणायला सांगितलंस. निघताना दारात म्हणालीस, “बाबा, मी तिची शेवटची बिस्किटं अर्धी तशीच टाकून गेले होते.” तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तुझी बॅग उचलली आणि खाली चालू लागलो.

आता डोळ्यांचं. आई गेल्यावर काही दिवसांनी मला धूसर दिसायला लागलं. दुकानात बसून दुसऱ्यांचे नंबर काढणारा माणूस, मी माझा नंबर काढला, काचा घासल्या, चष्मा घातला, छान दिसलं. आठवड्यात पुन्हा धूसर. पुन्हा काचा बदलल्या. मला वाटलं रडण्यामुळे असेल. मी चारचौघांत रडत नाही, पण घरी कोण बघतंय. असं दोनतीनदा झाल्यावर आमच्या भागीदारांनी माझ्या हातातली काच काढून घेतली. म्हणाले, “एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर असा रोज नाचायला लागला तर तुम्ही त्याला काय सांगता?” मी काय सांगतो, ते आम्हा दोघांनाही पाठ आहे. आधी साखर तपासून या, चष्म्याचं नंतर बघू.

साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी पाव, भात, बटाटा, साखर सगळं बंद केलं. अंडी खा, पालेभाज्या खा, चीज चालेल, मूठभर दाणे चालतील. साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करायचा नाही. मग जुने रिपोर्ट चाळून त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं तुम्ही मधुमेहाच्या काठावर होता, पण पडला नाहीत. आता असं काय बदललं?” मी म्हटलं, काही नाही, घरात माणूस नाही एवढंच. त्यांनी तेच कागदावर लिहून घेतलं. त्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं.

या आहाराचं काय सांगू. पोट भरतं, पण तोंड भरत नाही. जेवून उठलो की घरभर फिरतो आणि हे उघड, ते उघड असं चालतं. दुकानातून येताना केकवाल्याची गल्ली लागते म्हणून लांबून येतो, आणि लांबच्या रस्त्यावरही नेमका एक पाववाला आहे. भागीदार म्हणतात, तुम्ही हल्ली गिऱ्हाइकाच्या हातातल्या चॉकलेटकडे त्याच्या डोळ्यांपेक्षा जास्त बघता. निदान चहा तरी गोड लागू दे म्हणून औषधांच्या दुकानातून एकेक नकली साखर आणायला लागलो. थेंब आणले, ते कडू. गोळ्या आणल्या, त्या चहा संपल्यावर गोड लागायच्या, तासभर. कुठल्याशा पानांची पूड आणली, तिच्यात पाल्याचीच चव जास्त आणि गोडवा नावाला. सगळं ओतून दिलं. आई असती तर म्हणाली असती, तुमचे नखरेच फार.

आत्ता पुन्हा उठून आलो. सांगायचं आहे ते इथूनच पुढे आहे, म्हणून पाय ओढतात.

शेवटी औषधवाल्याने एक पाकीट दिलं. दिसायला थेट साखर, पांढरे खडे. घरी येऊन चहा टाकायच्या आधी मी चिमूटभर तशीच जिभेवर ठेवली. गोड लागली, आणि मग गार. पुदिन्याची गोळी चघळून तोंडाने श्वास घ्यावा तशी गार. चहा टाकायचा राहूनच गेला.

तुला आठवतात ना आईची बिस्किटं? तू लग्न करून गेल्यावर ती हळूहळू बदलली. रंग फिका, वर साखरेचे खडे, आणि खाल्ली की जिभेला गारवा. मी चिडवायचो, तुझी बिस्किटं आजारी दिसतात, आणि त्यांना थंडी वाजते. ती म्हणायची, माझे हातच गार, त्याला मी काय करू. मैद्याऐवजी बदामाची पूड का घालतेस विचारलं, तर म्हणाली, लाड समजा. हात गार होते हे मात्र खरं. दवाखान्यात शेवटी तापाने तिचा हात इतका गरम होता की हा तिचाच, असं मला वाटेना. मी तो धरून बसलो होतो आणि गारव्याची वाट बघत होतो. त्या दिवसापासून आपल्या घरातलं सगळं कोमट झालंय, असं मला वाटायचं.

पण एका चिमटीवरून कसं ठरवणार? मग मुंग्या आठवल्या. आईचा साखरेचा डबा कायम अर्धवट उघडा असायचा, आणि त्याला कधी मुंगी लागली नाही. मी ते तिच्या टापटिपीच्या खात्यावर टाकलं होतं. ती गेल्यावर डब्यातली साखर संपली, मी नवी आणून भरली आणि दुसऱ्या दिवशी डबा काळा झाला. मला वाटलं, माझ्या गबाळेपणाने. म्हणून काल सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर दोन चिमटी ठेवल्या, एक साखरेची, एक या पाकिटातली. शेजारी खुर्ची घेऊन बसलो. मुंग्या आल्या, पाकिटातल्या चिमटीला वळसा घालून साखरेवर गेल्या. एकीनेही तोंड लावलं नाही.

दुकानात जायच्या आधी औषधवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “अहो, बाई तर कायम हेच न्यायच्या. मला वाटलं, तुम्हीच आणायला सांगता.”

म्हणजे मी काठावर उभा नव्हतो, मुंगे. मला कुणीतरी मागून धरलं होतं. मला सांगितलं असतं तर पहिल्याच घासाला मी तोंड वाकडं केलं असतं, हे ती ओळखून होती. म्हणून हात गार असल्याचं सांगत राहिली.

आता हे सगळं तुला का लिहितोय, ते. आई असताना तू शेवटची आली होतीस तेव्हा बिस्किटांचा डबा अर्धा ठेवलास आणि म्हणालीस, आई, तुझी चव पूर्वीसारखी राहिली नाही. तू गेल्यावर तिने डबा उघडून पाहिला. तिला लागलं असेल, या विचाराने तुला आज त्या खोलीत जाववत नाही. पण मी तिथेच होतो. ती हसली. डब्याचं झाकण लावत म्हणाली, “मुंगीला फसवता येत नाही.” तेव्हा मला वाटलं, ती तुझ्या नखऱ्यांबद्दल बोलतेय. तिची चव कुठे गेली नव्हती, आणि तुझं काही चुकलं नव्हतं. ती बिस्किटं तुझ्यासाठी नव्हतीच. माझ्यासाठी होती. तेव्हा माणूस पाठवू नकोस, स्वतः ये. आज मी एक घाणा काढला, दगड झालाय. ती बाकी काय घालायची ते लहानपणी ओट्यावर बसून तू बघितलं आहेस, मी नाही. ओव्हन इथेच राहील, आणि तूर्त मीही. साखरेचे दोन डबे केले आहेत. ज्याला मुंग्या लागल्या आहेत, तो तुझा.

तुझाच, नंबर थांबायची वाट बघत असलेला,
बाबा