सरांच्या मुलीला लाथ कोण मारणार?

प्रिय सर,

दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगते. परवा मी तुमच्या श्रेयाला ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला पाठवायचं नाही म्हणाले. त्या दिवसापासून तिची आई, आपल्या काकू, माझ्याशी बोलत नाहीत, पालकांची कुजबुज चालू आहे, आणि तुमच्या हाताखाली वाढलेली मोठी मुलंसुद्धा गाल फुगवून बसली आहेत. बसू देत! मला पश्चात्ताप झालाय म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. तुमच्याशी थोडं भांडायचंय म्हणून लिहितेय.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. तुमचा तायक्वांदोचा क्लास मी बंद पडू दिला नाही. सकाळी कंपनीतली पहिली शिफ्ट, संध्याकाळी मॅट. आपला हॉल अजून तोच, मंगल कार्यालयाच्या मागचा. लग्नाची तिथी असली की अजूनही मॅट डोक्यावर घेऊन गच्चीवर जायचं आणि बँडच्या तालावर किक मारायच्या. फरक एवढाच, की भिंतीवर आता तुमचा फोटो आहे आणि त्याला हार आहे.

माझी पहिली स्पर्धा आठवते का हो? दौंडला. समोरची पोरगी माझ्याहून हातभर उंच. माझी किक तिच्या चेस्ट गार्डवर अशी बसली की पंचांनी गुण दिला. आणि मी काय केलं? खाली वाकले, तिला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला! पाय लागला ना तिला. निमोणे गावातल्या आमच्या घरात आईनं लहानपणापासून तेच शिकवलं होतं, कुणाला पाय लागला की आधी नमस्कार. मी वाकलेली बघून त्या पोरीनं सरळ माझ्या डोक्यात किक घातली. अख्खा हॉल हसला. तुम्ही तेवढे हसला नाहीत.

"कुणाच्या पाया पडत होतीस गं?" तुम्ही विचारलं.

"पाय लागला तिला, सर."

"हे बघ. मॅटवर येताना वाकायचं, जाताना वाकायचं. मधी कोण मोठं न्हाई आन् कोण देव न्हाई. मधी तू फकस्त फायटर हाय."

नुसतं सांगून थांबाल तर तुम्ही कसले! दुसऱ्या दिवसापासून चेस्ट गार्ड घालून स्वतः माझ्यासमोर उभे राहायला लागलात. "मार मला!" सरांना लाथ? मी डोळे मिटून मारायचे. एकदा आई न्यायला आली आणि नेमकं तेच बघितलं तिनं. "अगं भवाने! सरान्ला लाथा घालतीस व्हय?" म्हणून ती चप्पल काढूनच धावली. तुम्ही मध्ये पडलात. "मावशी, मीच सांगितलंय तिला. न्हाई मारली तर पुढचा बेल्ट न्हाई." आई घरी जाईपर्यंत पुटपुटत होती, की असली कसली विद्या म्हणायची ही.

पण ती विद्या मला आली, सर. माझा प्रत्येक बेल्ट मी मार खाऊन आणि मार देऊन कमावला. कंपनीत सुपरवायझर आवाज चढवून बोलायला लागला तर मी आजही मान खाली घालत नाही, ते तिथूनच आलंय.

आता माझं भांडण ऐका. आमच्यासाठी वाघ होणारे तुम्ही श्रेयाची फाइट आली की लोणी का व्हायचात? तिची जोडी कायम बारक्या पोरांशी. कधी माझ्याशी लावलीत तर डोळ्यांनी खुणवायचात, हळू घे. आम्हाला सगळ्यांना दिसायचं. बोलणार कोण? आणि तुम्ही गेल्यावर तर विचारूच नका. फोटोतल्या सरांच्या मुलीवर पाय उचलायला कुणी धजेना. पोरांची किक तिच्या छातीच्या वीतभर अलीकडेच थांबते. मी कितीदा ओरडले. पोरं म्हणतात, "व्हय ताई", आणि पुन्हा तेच. बिचारी श्रेया जिंकत राहिली. पूम्से, म्हणजे ठरलेल्या हालचाली, ती इतक्या देखण्या करते की बघत राहावं. पण समोरचा माणूस उलटा मारतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

गेल्या आठवड्यात काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "सरांच्या पहिल्या स्मृतिदिनाला पोरीनं ब्लॅक बेल्ट बांधून फोटोला हार घालावा, येवढंच मागतीय. तुझ्या हातात हाय." स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तुमच्याच घरी मुक्कामाला असायचे. पहाटे माझ्या घट्ट वेण्या घालणारे हात ते. त्यांना नाही कसं म्हणायचं? एवढंच म्हणाले, "काकू, आधी तिची फाइट बघते."

परवा बघितली. समोर आपल्याच क्लासातला तळेगावचा ओंकार. हिचा पाय जेमतेम लागला असेल नसेल, हा पठ्ठ्या आडवा! वर टाळ्या. माझं डोकंच फिरलं. मी चेस्ट गार्ड चढवलं आणि तिला म्हटलं, "ये, माझ्यासमोर ये."

पहिली किक मी खरी मारली. ती मॅटवर बसलीच. मागून कुणीतरी ओरडलं, "अवो ताई, सरांची पोरगी हाय ती!" ती उठली, डोळ्यांत पाणी, आणि नुसती उभी राहिली. हात कुठे धरायचे तेही सुचेना तिला. दुसरी मारली. पुन्हा बसली. मला काही वाटलं नाही असं समजू नका हो! तुमच्या फोटोकडे पाठ केली होती, म्हणून मारू शकले.

काकू दारात उभ्या होत्या. "सर असते तर त्यांनी असं केलं असतं का गं?"

"माझ्या बाबतीत केलं असतं, काकू. तिच्या बाबतीत नसतं केलं. तिथंच तर चुकलं. मी तिला परीक्षेला पाठवणार नाही." हे बोलले आणि त्या तडक निघून गेल्या. बोलतील कधीतरी. नाही बोलल्या तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण सोसेन.

आणि आज संध्याकाळी हॉल उघडायला गेले, तर श्रेया आधीच पायरीवर बसलेली. मला वाटलं, झालं, क्लास सोडायला आली.

"ताई, मी येवढे दिवस जिंकत होते ते खोटं होतं का?"

"हो."

"बाबांना म्हाईत होतं?"

सर, मी तुमच्यासाठी खोटं बोलले नाही. "हो," म्हटलं, "त्यांचा जीव होता तुझ्यावर. तुला लागलेलं त्यांना बघवायचं नाही."

मग नाक पुसून म्हणाली, "मग मला दौंडला न्या. तिथल्या पोरींशी लावा. तिथं मला तोंडावरनं कुणी वळखत न्हाई. आन् ताई, माझं आडनाव सांगू नका."

तुमची पोरगी आहे, शोभते!

रविवारी आम्ही दौंडला निघतोय. स्मृतिदिनाला ती ब्लॅकच्या आधीचा लाल बेल्टच बांधून तुमच्या फोटोला हार घालेल. बहुतेक ओठ फुटलेला असेल, डोळा सुजलेला असेल. तेव्हा तिच्याकडे नीट बघा, नजर वळवू नका. माझा शब्द आहे, सर, मी तिला वाचवणार नाही. आणि ब्लॅक बेल्ट ती बांधेल त्या दिवशी तो तिच्या एकटीचा असेल. त्यात तुमचा वाटा नसेल आणि माझाही नसेल.

तुमच्याशी भांडणारी, तुमचीच,
मनीषा