पोटावरची हद्द

३ मार्च, मंगळवार
पोटावर पुरळ. खाज. डास असणार. डॉक्टरकडे जाण्यासारखं काही नाही. रविवारी मुलगा आणि सून नातीला घेऊन येतायत, सोमवारी तिघं परदेशी नोकरीवर. नातीला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही. रविवारपर्यंत पोट साफ हवं. होईलच.

४ मार्च, बुधवार
जमीन मोजणीत हयात घातली, ती काय उगीच? पुरळाभोवती बॉलपेनने हद्द आखून घेतली. आता वाढतंय की आटतंय, वादच नको. बायको म्हणाली, हद्द झाली तुमची. मी म्हटलं, झाली, पण कच्ची आहे, उद्या पक्की करू. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

५ मार्च, गुरुवार
हद्दीबाहेर ठिपके. काल आखताना पोट आत ओढलं होतं, म्हणून क्षेत्र कमी भरलं. श्वास सोडून नवी हद्द. बायको म्हणते पित्त उठलंय. शेजारीण म्हणते रक्त बिघडलंय. मेहुणा फोनवर म्हणाला, अंगावर काढू नका. त्याला काय कळतंय! कोरफड लावली. बनियन चिकटलं.

६ मार्च, शुक्रवार
अतिक्रमण काखेपर्यंत. तिथली मोजणी एकट्याचं काम नाही. बायकोने टेपचं टोक धरायला साफ नकार दिला. संध्याकाळी दवाखान्यात जाणार होतो, पण शुक्रवारी गर्दी असते. असणारच.

७ मार्च, शनिवार
बायकोने मुलाच्या कानावर घातलंच. त्याचा फोन. म्हणाला, बाबा, आधी डॉक्टरला विचारा, बाळाला लागायला नको. म्हटलं, जवळजवळ गेलंय. बोलताना पाठ दाराच्या चौकटीला घासत होतो. उद्या सकाळी पहिलं काम डॉक्टर. बायको म्हणाली, उद्या रविवार आहे.

८ मार्च, रविवार
आले. मी फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. सून बाळाला माझ्याकडे देणार, तेवढ्यात माझा हात आपोआप पोटाकडे गेला. तिने बाळ परत खांद्याला लावलं. रागाने नाही. मुलगा म्हणाला, पुढच्या वेळी, बाबा. पुढची वेळ दोन वर्षांनी. म्हटलं, हरकत नाही, मी मनाला लावून घेत नाही. समोरच्या खुर्चीत बसून राहिलो. बाळ झोपलेलं होतं. वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. काहीच वाटेना. नुसतं खाजत होतं.

९ मार्च, सोमवार
सकाळी विमान गेलं. मग दवाखान्यात. गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोटावर या रेघा कसल्या? सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, कारण नेमकं सांगता येत नाही, पण हे दुसऱ्याला लागणारं नाही. तान्ह्या बाळाला? खुशाल घ्या. पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाल्या, खुशाल घ्या. मलम दिलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, लागणारं होतं का? म्हटलं, हो, भलतंच. बरं झालं घेतलं नाही.