प्रसादची बकरी आणि समोरच्या घरचा साखरपुडा

माबेला, मस्कत
शनिवार

ती. एस्तेरवहिनींना रेवाचा सप्रेम सलाम,

हे पत्र हाती पडेल तेव्हा देवकृपेने भाऊजींचा मलेरिया उलटलेला नसेल आणि तुमच्या बोअरवेलचा पंप चालू असेल, अशी आशा करते. (दोन्ही एकदम मागणं जास्त होत असेल तर आधी मलेरिया.) इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. रूथ चौथीत गेली, तिचं मराठी मात्र अजून पहिलीतच आहे. व्हॉट्सॲप असताना हातानं पत्र का, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्याकडचा फोन असतो भाऊजींच्या खिशात, आणि इथली एक नर्स तुमच्याकडे लुसाकाला निघाली आहे, ती पत्र पोचवते म्हणाली.

तुमचं मागचं पत्र आम्ही मोठ्यानं वाचलं. वानरानं प्रभुभोजनाची भाकर पळवली आणि भाऊजी पांढऱ्या झग्यात आंब्याखाली उभे राहून तिथल्या बेम्बा भाषेत त्याच्या विनवण्या करत होते, इथपर्यंत आल्यावर ह्यांना हसून हसून ठसका लागला. तुमच्या नदीतल्या बाप्तिस्म्याचा फोटो गावच्या मंडळीत, चर्चच्या भिंतीवर लावलाय म्हणे. आमचा फोटो कुणी मागत नाही, आणि मागितला तरी पाठवायचा कसला? ह्यांचा गाडी चालवताना? इथे पाळक म्हणजे अर्धा ड्रायव्हरच. बाहेर कुणाला उपदेश करायचा नाही हा इथला कायदा, तो आम्ही पाळतो. आपली मराठी माणसं तेवढी सांभाळायची, आणि तीही निम्मी शिफ्टवर. मग कुणाला विमानतळावर सोड, कुणाला इस्पितळात ने, कुणाच्या कंपनीत जाऊन हात जोड. ह्यांचे उपदेश माबेल्याहून शहरात जाताना ट्रॅफिकमध्ये तयार होतात, आणि त्या ट्रॅफिकइतकेच लांबतात.

पण काल जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. काल आमचा सुगीचा सण होता. (उपासना शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारी.) ज्यांच्या नावावर इथे कुंडीभरही माती नाही अशा माणसांचा सुगीचा सण! तरी सगळे काही ना काही आणतात. वेल्डर कलिंगड आणतो, नर्सबाई केक आणतात, एकानं गेल्या वर्षी नवीकोरी इस्त्री वेदीपुढे ठेवली होती. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. या वर्षी प्रसादनं बकरी आणली.

प्रसाद म्हणजे जालन्याकडचा, बरक्याला एका शेतावर भाजीचा पिकअप चालवतो. मार्चमध्ये त्याच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्याला जायला रजा मिळाली नाही. त्या दिवशी त्यानं देवाशी बोलून ठेवलं होतं, आई वाचली तर सुगीला बकरी अर्पण करीन. आई वाचली. मग त्यानं अर्बाबकडून, म्हणजे शेताच्या मालकाकडून, एक पिल्लू मागून घेतलं आणि उन्हाळाभर स्वतःच्या खोलीतल्या एसीत वाढवलं. (खोलीतल्या बाकीच्यांचं काय म्हणणं होतं ते मी विचारलं नाही.) शुक्रवारी पहाटे त्याला भाजी घेऊन मंडईत जायचं होतं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तो बकरी आमच्या दारात घेऊन उभा. “वहिनी, रातभर ठिवा. लई गुणाची हाय,” म्हणाला आणि गेला.

वहिनी, आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. गुणाच्या बकरीनं आल्या आल्या पडद्याचं टोक खाल्लं, मग कोथिंबीर, मग ती बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच ओरडायला लागली. रूथनं तिच्या गळ्यात लाल रिबिनीचं मोठं फूल बांधलं. हे नेहमीप्रमाणे कुणालातरी आणायला गेलेले. मी मळलेल्या कणकेचे हात धुवायला वळले, रूथनं कचरा टाकायला दार उघडलं, आणि पुढच्या क्षणी पोरीची आरोळी, “आई, बकरी इज गॉन!”

आमच्या समोरच्या दारात जहूरभाई आणि बिलकीस राहतात. रत्नागिरीकडची माणसं, जहूरभाईंचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांच्या मुलीचा, तूबाचा, त्याच संध्याकाळी साखरपुडा होता. मुलाचे वडील, कासमभाई, रुस्ताकच्या बाजारातले जुने दुकानदार. ते बाराजणांना घेऊन नुकतेच येऊन बसले होते. आधी एकदा तूबाचं ठरलेलं मोडलं होतं, त्यामुळे बिलकीस आठवडाभर नीट जेवली नव्हती. दार पाहुण्यांसाठी उघडंच होतं. बकरी त्या दारातून आत गेली आणि थेट कासमभाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. लाल रिबिनीसकट.

मी पिठाचे हात घेऊन उंबऱ्यावर पोचले तेव्हा कासमभाई उठून उभे राहिले होते. “जहूरभाई, अहो याची काय गरज होती!” म्हणत त्यांनी बकरीच्या पाठीवरून हात फिरवला. मागून कुणीतरी म्हणालं, “माशाल्ला, काय मान ठेवलात!” बायका उठून बघायला लागल्या. जहूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. बिलकीसनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला एक शब्द बोलवेना. म्हणजे बोलवला, पण भलताच. मी म्हटलं, “मुबारक हो.” आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

हे परत आल्यावर म्हणाले, “बकरी कुठाय?”

“दिली.”

“कुणाची?”

हा एकच प्रश्न त्यांनी विचारला, वहिनी, आणि मला घाम फुटला. दिली खरी, पण माझी कुठे होती? समोरच्या घरातून हसण्याचे आवाज येत होते आणि मी पोळ्या करपवत होते.

सकाळी चर्चच्या आवारात प्रसाद आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, मंडईतून थेट. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याची नुकसानभरपाई करू, दुसरी बकरी आणू, असंही बडबडले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त “बरं” म्हणाला आणि जाऊन आपल्या पिकअपमध्ये बसला, काच वर करून. उपासनेची वेळ झाली. माणसं आत बसली, पेटी वाजायला लागली. हे झगा घालून तयार होते. त्यांनी दारातून पिकअपकडे पाहिलं, मग मीराबाईंना म्हणाले, “तुम्ही गीतं सुरू करा.” आणि झगा सावरत पिकअपचं दुसरं दार उघडून आत बसले.

मीराबाई म्हणजे आमच्या ज्येष्ठ नर्स, आवाज खणखणीत. त्यांनी एक गीत म्हटलं, दुसरं म्हटलं, मग पहिलं परत म्हटलं. लोक माना वळवून दाराकडे बघायला लागले. मी दारातच उभी होते. पिकअपच्या काचेतून दोघं दिसत होते. थोड्या वेळानं प्रसादनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ह्यांनी काही केलं नाही, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि समोर बघत बसले. ऑपरेशनच्या दिवसापासून तो माणूस रडलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. रडायचं कुणाजवळ? वहिनी, आतली माणसं खोळंबली होती आणि तरी मला वाटलं, आजची उपासना त्या पिकअपमध्येच चालली आहे.

मीराबाई तिसऱ्यांदा पहिल्या गीतावर आल्या आणि फाटकाशी जहूरभाईंची व्हॅन थांबली. आधी उतरले जहूरभाई, डोळे तांबारलेले; मग कासमभाई; मग बकरी. तिच्या गळ्यात आता जरीचा हारही होता. जहूरभाई माझ्याकडे येऊन म्हणाले, “भाभी, झोप नाय लागली. सकाळी रुस्ताकला जाऊन यांना सगला खरा सांगितला. म्हटला, सोयरीक मोडायची तर मोडा.”

कासमभाई शांतपणे म्हणाले, “दुसऱ्यानं देवाला बोललेली बकरी घरात ठेवून मी सून आणू? चला, कोणाची आहे ती?”

प्रसाद पिकअपमधून उतरला. कासमभाईंनी दोरी त्याच्या हातात दिली. प्रसादनं तोंड पुसलं आणि बकरीला घेऊन आत गेला, जरीच्या हारासकट वेदीपर्यंत, आणि सगळी मंडळी उभी राहिली. (तिनं तिथे ठेवलेल्या केळीचं पान खाल्लं, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही.)

दोघे पाहुणे बाहेर सावलीत चहा घेत बसले. उपासनेनंतर अंगणात लिलाव सुरू झाला आणि बकरीची पाळी आल्यावर कासमभाईंनीच हात वर केला. त्यांच्यावर कुणी बोली चढवली नाही. आपल्या बागेत ठेवणार आहेत म्हणाले, दुधाला. जाताना प्रसादनं आईला व्हिडिओ कॉल लावून बकरी दाखवली. आई फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “एवढी वाळली कशी रे? तू तरी जेवतोस का?” मग आम्ही सगळेच हसलो, प्रसाद सगळ्यात जास्त.

भाऊजींना सलाम सांगा. मुलांना पापा.

तुमची धाकटी जाऊ,
रेवा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मिशन मंडळाचं पत्र आलंय, तुम्हालाही आलं असेल: पुढच्या जूनपासून दोघा भावांची अदलाबदल करायची, आम्ही तुमच्याकडे आणि तुम्ही मस्कतला. वहिनी, पाया पडते, तुम्ही नाही म्हणून कळवा. जूनमध्ये इथे गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं, असं लिहा. गाडीशिवाय मिरचीसुद्धा मिळत नाही, असं लिहा. खोटं काहीच नाही यात.

ता. क. दोन. ह्यांना यातलं काही माहीत नाही. मला तुमच्या नदीची ओढ आहे अशी त्यांची समजूत आहे; चूक माझीच, मीच सारखी त्या फोटोबद्दल बोलत असते.

ता. क. तीन. ह्यांनी आत्ता पत्र वाचलं. पाकिटावर पत्ता घालायला दिलं होतं, तर बसून सगळंच वाचलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “वहिनींना तिथून निघायचंय का, हे तू विचारलंच नाहीस.” खरंच नाही विचारलं. मुलं हॉस्टेलला, भाऊजी सदा दौऱ्यावर, आणि तुमच्या पत्रात नेहमी वानरंच असतात. तुम्ही नसता. वहिनी, निघायचं असेल तर पहिला ता. क. खोडून टाका. मी प्रसादला सांगून ठेवते, तुम्हाला विमानतळावर घ्यायला तो येईल.