सोमवारचं मतदान

ओटावा
२९ नोव्हेंबर २००८

ती. सौ. उल्काताईस,
शिरीषचा सा. न. वि. वि.

ईमेल असलं तरी बाबांच्या शिस्तीतच लिहितोय, हसू नकोस.

इथे कालपासून धावपळ आहे. निवडणूक होऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि हे अल्पमतातलं सरकार पडायच्या बेतात आहे. आमचा पक्ष आणि डावे मिळून सरकार बनवणार, क्यूबेक वेगळं मागणारे बाहेरून पाठिंबा देणार, अशी बोलणी चालू आहेत. अविश्वासाचं मतदान सोमवारी, आठ तारखेला. आमच्या खासदार हेलनबाईंना मंत्रिपद मिळेल असं सगळे म्हणतात. मतदारांचे फोन थांबत नाहीत. फुटीरवाद्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार का, म्हणून लोक चिडलेत. ऑफिसात बसून उत्तरं मीच देतोय.

ताई, आपलं डिसेंबरातलं ऑपरेशन जानेवारीत ढकलता येईल का? माझे इथले सगळे रिपोर्ट चांगले आहेत. किडनी कुठे पळून जात नाही. गिरीशदाजींना नमस्कार, रेवाला पापा.

तुझा
शिरीष

मेनूथ
१ डिसेंबर २००८

चि. शिरीषास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. गिरीश वाचून झाल्यावर गाडी पुसायला गेला. रेवाने तिच्या आयरिश इंग्लिशमध्ये विचारलं, मामा सरकार पडायच्या आधी येणार की नंतर.

मी सगळ्यांना इथल्यासारखं ‘ग्रँड’, म्हणजे मजेत आहे म्हणून सांगते, तुला खरं सांगते. आठवड्यातून तीनदा ब्युमॉन्ट हॉस्पिटलला डायलिसिस. परवा मशीनवर असतानाच बीपी इतकं उतरलं की नर्सने पाय वर उचलून धरले. घरी आल्यावर भाकरी थापायला उभी राहिले आणि बसावं लागलं. जानेवारीत तारीख मिळेल का विचारलं, तर आत्ता काहीच सांगता येणार नाही म्हणाले.

तिथल्या प्रत्यारोपण विभागाच्या बाईंनी मला बजावलंय की देणारा शेवटच्या मिनिटालाही नाही म्हणू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. त्यामुळे विचारत नाही. तू देतो म्हणालास म्हणून ती किडनी माझी झाली नाही. नाही यायचं तर नाही म्हण. पण जानेवारी म्हणू नकोस. त्या महिन्याची वाट बघायची ताकद माझ्यात नाही.

स्वेटर घालत जा.

तुझी
ताई

ओटावा
३ डिसेंबर २००८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आज रात्रीच्या विमानाने निघतोय. सकाळी डब्लिन.

हेलनबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, जायलाच हवं. पण सरकार बदललं तर त्याच आठवड्यात तुझ्या जागी कुणीतरी बसलेलं लागेल आणि ती जागा राखून ठेवता येणार नाही. खोटं आश्वासन दिलं नाही, हे बरं वाटलं. टेबल आवरलं. सोमवारी इथे मतं मोजली जातील तेव्हा मी ब्युमॉन्टला सुया टोचून घेत असेन.

भीती वाटतेय, ताई. सरकारची नाही.

शिरीष

मेनूथ
६ फेब्रुवारी २००९

चि. शिरीषास,
अ. उ. आ.

नीट पोचलास, टाके खेचत नाहीत, हे वाचून जीव भांड्यात पडला. नव्या किडनीमुळे माझं क्रिएटिनिन चांगलं उतरलंय. काल कालव्याकाठी रेवाबरोबर चालून आले. तिला दम लागला, मला नाही.

परवा तुमच्याच पक्षाने सरकारच्या अर्थसंकल्पाला मत दिल्याचं वाचलं. म्हणजे ती आघाडी संपलीच. तू उतरलास त्याच संध्याकाळी संसद तहकूब झाल्याची बातमी आली होती आणि सोमवारचं मतदानच उडालं होतं. स्वयंपाकघरात तू वरणभात खात होतास. गिरीश म्हणाला, बघ, इथे आलास म्हणून काही हुकलं नाही. तू मान हलवून लोणचं मागितलंस. हेलनबाईंनी तरीही तुझ्या जागी दुसऱ्याला घेतलंच, त्याचं मला अजून लागतं. तुझी नवी मुलाखत कशी झाली ते कळव.

मला इथे सगळे म्हणतात, सगळं कसं जुळून आलं. मी त्यांना सांगते, जुळून काही आलं नाही. तू टेबल आवरलंस तेव्हा सरकार पडणारच होतं, बाई मंत्री होणारच होत्या आणि तू हे सगळं सोडून विमानात बसलास. नंतर काय झालं ते ओटावाचं राजकारण. आधी काय झालं ते मला माहीत आहे.

लोभ असावा असं आता तुला काय लिहू? तो माझ्या पोटात आहे.

तुझी
ताई